चर्चा: ग्रामपंचायतीने पाणीपुरवठ्यासाठी स्वतःचा सौर प्रकल्प घ्यावा का?

मोजणीदार:
सातारा जिल्ह्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम, म्हणजे सौर विजेवर चालणारं गाव, ठरली. आता इतर गावांनीही उतरावं, आणि सुरुवात पाण्याच्या मोटारीपासून करावी. १० एचपीची मोटार साधारण ९ किलोवॅट ओढते. रोज ६ तास चालली तर ५४ युनिट. १ किलोवॅटचं पॅनेल आपल्याकडे सरासरी दिवसाला ४ युनिट देतं. म्हणजे १३-१४ किलोवॅट बसवले की बिलात जवळपास स्थिर आकारच उरतो.

गावठाण:
इथेच हिशेब फसतो. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जादा सौर वीज महावितरणला देऊन बिलात वळती करण्यात, मंजूर भारापेक्षा (जोडणीला मान्य केलेल्या किलोवॅटपेक्षा) मोठा प्रकल्प मिळत नाही. १० एचपीचा मंजूर भार ७.५ किलोवॅट, म्हणजे दिवसाला ३० युनिटच. भार वाढवून घ्या, स्थिर आकारही वाढेल. दिवाबत्तीचं मीटर तर वेगळंच. पाण्याच्या मीटरवर उरलेले युनिट तिकडे आपोआप वळत नाहीत. दिव्यांसाठी आधी एलईडी आणि टायमर बसवा, भर दुपारी खांबावर दिवे जळताना बघवत नाही.

मोजणीदार:
भाराची अट मान्य. मग ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या जाळ्याला, जोडूच नका. ९-१० किलोवॅटचे पॅनेल थेट व्हीएफडीला (उन्हाप्रमाणे मोटारीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्राला) द्या, दिवसा टाकी भरा. ढगाळ दिवसांसाठी चेंजओव्हर स्विच ठेवून महावितरणची लाइन हाताशी राहू द्या.

गावठाण:
टाकी केवढी? २००० लोकवस्तीला माणशी ५५ लिटर धरलं तर रोज १ लाख १० हजार लिटर लागतात. टाकी ५० हजारांची असेल तर दिवसात दोनदाहून जास्त भरून रिकामी करावी लागेल, म्हणजे एक पाणी दुपारी सोडायचं. तेव्हा अर्धं गाव शेतात! सकाळी नऊच्या आत ऊन कमी, मोटारीला पुरेसे फेरे मिळत नाहीत, पाणी टाकीपर्यंत चढत नाही. आधी टाकी वाढवा, मग पॅनेल.

तारमास्तर:
टाकीचा मुद्दा गावठाण यांचा बरोबर आहे. आणखी एक: ग्रिडला जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर वीज गेली की बंद पडतो, ग्रामसभेत हे आधीच सांगा. काम ताब्यात घेताना पॅनेलच्या तारा जोडणारा प्रत्येक कनेक्टर बघा. पक्कडीने दाबलेला असेल तर आत तार सैल राहते, तापून प्लास्टिक काळं पडतं आणि अख्खी स्ट्रिंग, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनेलची ओळ, बंद होते. कनेक्टर दाबायच्या खास क्रिंपिंग टूलनेच करून घ्या. अर्थिंगचे खड्डे तीन हवेत: डीसी (पॅनेलची बाजू), एसी (इन्व्हर्टरनंतरची बाजू) आणि आकाशातल्या विजेसाठीचा वीजरोधक, तिन्ही वेगळे.

गावठाण:
आणि पॅनेल धुणार कोण? बोअरच्या जड पाण्याने काचेवर पांढरे डाग बसतात. पाणी सोडणाऱ्याच्या कामात हे लिहून द्या, मोबदल्यासकट. टेंडरमध्ये ५ वर्षांची देखभाल नसेल तर माझा विरोध कायम.