लिफ्टच्या दारापाशी स्वतःची कविता लावावी का?

यतिभंग (धागाकर्ता)

माझे म्हणणे आधीच स्पष्ट मांडतो. नव्या, अप्रकाशित कवितेला काव्यसंमेलनाच्या मांडवात जो वाचक मिळतो, त्याहून खरा वाचक लिफ्टची वाट पाहताना, दवाखान्याच्या बाकावर, जिन्याच्या वळणावर किंवा हात धुण्याच्या बेसिनवरच्या भिंतीपाशी मिळू शकतो, आणि म्हणून कवींनी अशा जागा रीतसर मागून घ्याव्यात. कवितेच्या कार्यक्रमाला येणारा माणूस दाद द्यायच्या तयारीनेच येतो आणि ती कुठे द्यायची हेही त्याला पाठ असते. लिफ्टपाशी उभ्या असलेल्या माणसाची अशी कसलीच तयारी नसते. ओळ आवडली तर तो थांबतो, नाही तर फोनकडे वळतो. याहून प्रामाणिक समीक्षा मला ठाऊक नाही.

कल्पना नवी नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत १९८६ पासून डब्यांतल्या जाहिरातींच्या जागी कविता लावल्या जातात. न्यूयॉर्कच्या सबवेत तसाच उपक्रम १९९२ मध्ये सुरू झाला. मला मात्र अमेरिकेतल्या सेंट पॉल शहराचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. तिथे २००८ पासून रहिवाशांनी स्वतः लिहिलेल्या छोट्या कविता पदपथांच्या ओल्या काँक्रीटमध्ये ठशाने उमटवल्या जातात. पदपथांची दुरुस्ती नगरपालिका करतच होती. त्याच कामात कवितेला जागा मिळाली, वेगळे स्मारक उभारावे लागले नाही.

माझी अट एवढीच, की कविता लावणाऱ्याची स्वतःची असावी. नावाजलेल्या कवीची ओळ दिसली की आपण ती वाचत नाही, नुसती ओळखतो आणि पुढे जातो. अनोळखी कवितेला नावाचे वलय नसते, त्यामुळे तिला शब्दांच्याच बळावर उभे राहावे लागते.

शुद्धमती

तीव्र असहमती. पुस्तक मिटता येते, कार्यक्रमातून उठून जाता येते, पण जिथून रोज चार वेळा जावेच लागते तिथल्या भिंतीकडे पाठ फिरवता येत नाही. दवाखान्याच्या बाकावर बसलेला माणूस तपासणीचा अहवाल हातात यायची वाट पाहत असतो. अशा वेळी समोर मृत्यूवरची, किंवा त्याहून वाईट म्हणजे आशेवरची, हौशी कविता टांगणे याला मी वाचकाचा मान राखणे म्हणत नाही. डोळ्यांना कोरी भिंतही लागते. भिंतींवर जाहिराती चालतात, मग कविता का नको, हा युक्तिवाद येणारच, म्हणून आताच सांगते की एक अतिक्रमण आहे म्हणून दुसऱ्याला परवाना मिळत नाही.

शिवाय लंडनचे उदाहरण तुमच्या अटीच्या विरोधात जाते. तो उपक्रम लेखिका ज्युडिथ चेर्नाइक यांनी दोन कवींना सोबत घेऊन सुरू केला आणि कविता त्या तिघांनी निवडल्या, ज्यांत जुन्या काळातल्या नामवंतांच्या कविताही होत्या. कुणीही यावे आणि आपली वही भिंतीवर उलगडावी, असे तिथे नव्हते. सेंट पॉलमध्येसुद्धा कविता मागवून त्यांतून निवड होते. तुम्ही उपक्रमांची प्रतिष्ठा उसनी घेता आणि त्यांची चाळणी मात्र वगळता.

आणखी एक गोष्ट, जी कवींच्या लक्षात येत नाही. चिकटपट्टीने लावलेला कागद महिन्याभरात पिवळा पडतो, कोपरे सुटतात, आणि भिंतीवर राहिलेला डिंक खरवडून काढतो तो सफाई कर्मचारी. त्याला त्या कवितेविषयी काय वाटते, हे कुणी विचारले आहे का?

काठावरची

मी दोन्ही बाजूंच्या मध्ये आहे, पण एक व्यावहारिक मुद्दा मांडते, कारण अशा जागी कविता फसते ती बहुधा मांडणीमुळे. लिफ्ट मिनिटभरात येते आणि तिसऱ्या ओळीवरच दार उघडते. त्यामुळे सारा अर्थ शेवटच्या ओळीत राखून ठेवणारी कविता तिथे निरुपयोगी ठरते. जिन्याच्या पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर एकेक ओळ लिहायची असेल, तर चढणाऱ्याला आधी खालची पायरी भेटते, म्हणजे वरून खाली लिहिलेली कविता तो उलटी वाचत जातो, आणि उतरणाऱ्याला ती दिसतच नाही. छापील कविता उचलून पायऱ्यांवर वाटून टाकणाऱ्यांनी स्वतः एकदा तो जिना चढून पाहावा. जागेसाठी कविता नव्याने लिहावी लागते, आणि यतिभंग यांची ‘स्वतःची कविता’ ही अट मला पटते ती या कारणासाठी. दुसऱ्याच्या कवितेच्या ओळी आपण जिन्याच्या सोयीने मोडू शकत नाही.

जुना वाचक

चर्चा कवितेच्या दर्जावर अडकली आहे. खरा तंटा भिंत कुणाची, हा आहे. बर्लिनमधल्या ॲलिस सालोमन महाविद्यालयाच्या दर्शनी भिंतीवर २०११ मध्ये ऑयगन गोमरिंगर यांची एक स्पॅनिश कविता मोठ्या अक्षरांत रंगवली होती. तिच्यात रस्ते, फुले, स्त्रिया आणि एक चाहता एवढाच ऐवज आहे. २०१६ मध्ये विद्यार्थी प्रतिनिधींनी आक्षेप घेतला की या कवितेत स्त्रिया फुलांसारख्या पाहण्याच्या वस्तू होतात आणि रोज त्याच भिंतीखालून ये-जा करणाऱ्या मुलींना ती नकोशा नजरांची आठवण करून देते. दुसऱ्या बाजूने सेन्सॉरशिपची ओरड झाली. अखेर २०१८ मध्ये ती कविता पुसून तिथे बार्बारा कोलर या कवयित्रीची कविता आली.

लक्षात घ्या, कवी नामवंत होते, निवड रीतसर होती, कविता अनेक वर्षे पुस्तकांत सुखाने नांदत होती. म्हणजे शुद्धमती मागतात ती चाळणी इथे पुरेपूर होती, तरीही भांडण झालेच. पुस्तकात त्या कवितेला वाचक होते, तर भिंतीवर आल्यावर तिला शेजारी मिळाले, आणि शेजाऱ्यांना तक्रारीचा हक्क असतो. मला त्या प्रकरणातला सर्वांत शहाणा भाग वाटतो तो हा, की भिंतीवरचा मजकूर दर पाच वर्षांनी बदलायचा, असे संस्थेने त्याच वेळी ठरवून टाकले.

यतिभंग

मुदतीचा मुद्दा मी आनंदाने घेतो. बॉस्टनमध्ये २०१६ साली पदपथांवर पाणी झटकणाऱ्या फवाऱ्याने कविता लिहिल्या गेल्या, ज्या कोरड्या दिवसांत अदृश्य असतात आणि पाऊस पडला की दिसतात. तो लेपही काही आठवड्यांत झिजून जातो. शुद्धमतींना हवी असलेली कोरी भिंत आणि मला हवी असलेली कविता एकाच जागी, पाळीपाळीने, नांदू शकतात. दवाखान्याची जागा मी यादीतून काढतो, तो आक्षेप रास्त आहे. निवड समिती मात्र मला नको आहे, कारण समिती आली की निरुपद्रवी कविता निवडल्या जातात, आणि सगळ्यांना चालेल अशी कविता थांबायला लावत नाही. जागा सांभाळणाऱ्याची परवानगी, कागदावर तळाशी उतरवण्याची तारीख, आणि कवीचे नाव, इतके नियम पुरेत. नाव हवेच, निनावी कवितेची जबाबदारी कुणावरच येत नाही.

शुद्धमती

परवानगी कुणाची, हा प्रश्न तरीही उरतो. व्यवस्थापकाने होकार दिला म्हणजे रोज तिथे उभ्या राहणाऱ्यांनी दिला असे होत नाही, आणि एका माणसाच्या आवडीनिवडीवर चालणारी परवानगी ही समितीच आहे, फक्त एका सदस्याची. माझी अट एवढीच की कागदाखाली आक्षेप कुठे नोंदवायचा तेही लिहावे आणि पहिल्या आक्षेपाला तो कागद उतरवावा.

काठावरची

पहिल्याच आक्षेपाला उतरवायचा, तर अक्षर कसे आहे याला वैतागलेला एक माणूससुद्धा पुरेसा आहे. तीन आक्षेप म्हणा. आणि ठरलेल्या तारखेला कागद कवीनेच उतरवावा, डिंकासकट.