गोलंदाजी अंगठ्याने की हाताने?

मूळ लेख (देवगड)
व्हिडिओ गेममध्ये खेळाची हालचाल कंट्रोलरवर आणताना शरीराची नक्कल करण्यापेक्षा त्या हालचालीतली वेळ जपणे महत्त्वाचे आहे, असे माझे ठाम मत आहे. ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट 14’मध्ये गोलंदाजी करताना कंट्रोलरवरची अंगठ्याने हलवायची उजवी स्टिक आधी मागे ओढावी लागते आणि चेंडू सोडताना पुढे ढकलावी लागते, फलंदाजीत डावी स्टिक पायासाठी असते, उजवी फटक्यासाठी. आमच्याकडे ओल्या पुळणीवर टेनिस बॉल टप्पा पडल्यावर घसरत खाली राहतो, त्यामुळे पाय चुकला की बॅट कितीही जोरात फिरवली तरी उपयोग होत नाही. आधी पाय, मग हात, हा क्रम दोन अंगठ्यांत उतरवणे मला फार मोलाचे वाटते.

प्रतिसाद (मालवण)
मला हे पटत नाही. ज्याच्या अंगात तो क्रम खेळून मुरला आहे, त्यालाच तो अंगठ्यांत सापडतो. 2006 साली निन्टेंडोच्या ‘वी’ या गेमयंत्रासाठी आलेल्या ‘वी स्पोर्ट्स’मध्ये हातात धरायचा रिमोट रॅकेटसारखा फिरवला की टेनिस खेळता येत असे. माझ्या आईने जन्मात रॅकेट धरली नव्हती, तरी दहा मिनिटांत ती चेंडू परतवू लागली. बटणे पाठ करायला सांगितली असती, तर ती उठून गेली असती.

मूळ लेखक
आईंचे कौतुकच आहे. परंतु त्या रिमोटला मुख्यतः प्रवेग कळत असे, म्हणून खुर्चीत बसून मनगटाला झटका दिला तरी फटका बसे.

प्रतिसाद (मालवण)
तो दोष सेन्सरचा होता, कल्पनेचा नव्हे. 2009 साली रिमोटला जोडायच्या मोशनप्लस या उपकरणामुळे जायरोस्कोपची, म्हणजे हात कसा वळतो हे टिपणाऱ्या सेन्सरची, भर पडली आणि ‘वी स्पोर्ट्स रिसॉर्ट’च्या टेबल टेनिसमध्ये हात वळवून चेंडूला फिरकी देता येऊ लागली.

मूळ लेखक
त्याच गेममध्ये होडी वल्हवण्याचाही खेळ आहे. खाडीत वल्हे मारताना पाणी हाताला उलट रेटते आणि पुढच्या वेळी किती जोर लावायचा हे त्या रेट्यावरूनच कळते. रिमोट मात्र हवेतून मोकळाच फिरतो.

प्रतिसाद (राजापूर)
तो रेटा तुमच्या स्टिकलाही नाही. तरीही वेळ जपण्याचा मुद्दा मला कबड्डीसाठी पटतो. चढाईत दम तुटला की गडी बाद होतो. म्हणून एक बटण सतत दाबून ठेवायला लावावे आणि ते सुटताच चढाई संपवावी, म्हणजे उरलेल्या बोटांनी गडी टिपताना खरी ओढाताण होईल. पकड बसल्यावर अंगावर येणारे चार-पाच जणांचे वजन कोणत्या बटणावर घ्यावे, हे मात्र मला अजून सुचलेले नाही.