अनुभव धागा : व्याख्यान संपले, दुसऱ्या दिवशी तुमच्याजवळ काय उरले?

कोल्हापुरातील आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेसाठी वक्ते ठरवण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. सुरुवातीला मी टाळ्यांवरून वक्ता जोखत असे. पुढे एक सवय लावून घेतली. चार-पाच दिवसांनी श्रोत्यांपैकी कोणी महाद्वार रोडला किंवा रंकाळ्यावर भेटले, की ‘त्या दिवशी काय सांगितलं हो त्यांनी?’ एवढेच विचारायचे. ज्या वक्त्याने सभागृह दणाणून सोडले होते, त्याच्याविषयी ‘बोलले लई भारी’ यापलीकडे कुणाला काही सांगता येईना. आणि ज्यांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत नीट पोचलाही नव्हता, त्या एका बाईंनी सुचवलेली घरखर्चाची वही तिघांनी प्रत्यक्षात सुरू केलेली निघाली. हा फरक कशामुळे पडतो, हे मला मनापासून समजून घ्यायचे आहे. आपण ऐकलेल्या, दिलेल्या किंवा भरवलेल्या एखाद्या व्याख्यानाचा प्रसंग तपशिलाने लिहावा, ही विनंती. वक्त्याचे नाव नको. तो काय बोलला आणि त्याचे पुढे काय झाले, ते हवे.

फौंड्रीतील (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातील) पर्यवेक्षक, शिरोली

आमच्याकडे एका पावसाळ्यात रिजेक्शन, म्हणजे सदोष ठरून नाकारला जाणारा माल, फार वाढले, तेव्हा व्यवस्थापनाने कामगारांसाठी प्रेरणादायी भाषण ठेवले. अशा भाषणांचा आम्हांला कंटाळा आला होता, कारण येणारा माणूस मोठमोठ्या उद्योगपतींच्या गोष्टी सांगे आणि सगळा दोष आमच्या मनोवृत्तीवर ठेवून निघून जाई. हे गृहस्थ मात्र आदल्या दिवशी दुसऱ्या पाळीत आले, ओतकाम संपेपर्यंत भट्टीपासून अंतर राखून गप्प उभे राहिले आणि नंतर मोल्डिंगच्या (वाळूचे साचे बनवणाऱ्या) पोरांबरोबर चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर एक रिजेक्ट झालेले कास्टिंग (ओतीव भाग) ठेवले. मशिनिंग करताना त्याच्या अंगावर मसुराएवढा ब्लोहोल, म्हणजे आत राहिलेले छिद्र, उघडा पडला होता. ते कास्टिंग त्यांनी हातोहात फिरवायला दिले आणि विचारले, ‘हे छिद्र नेमकं कुठं तयार झालं?’ बराच वेळ कोणी बोलेना. मग वाळू मिसळणारे आमचे सर्वांत जुने कामगार, आमचे मामा, उठले आणि त्यांनी सांगितले, की वाळूत पाणी जास्त झाले तर धातू ओतताना वाफ तयार होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर ती धातूतच अडकते. पावसाळ्यात वाळू ओली येते, हे ते पूर्वीपासून सांगत होते. त्यांचे कोणी ऐकले नव्हते. वक्ते खाली बसले आणि पुढची दहा मिनिटे मामाच बोलले. तेव्हापासून प्रत्येक पाळीला वाळूचा ओलावा तपासून फळ्यावर लिहिला जातो. वक्त्यांनी स्वतः जेमतेम वीस मिनिटे घेतली असतील, पण इतके परिणामकारक भाषण मी दुसरे ऐकलेले नाही.

निवृत्त मुख्याध्यापिका, राजारामपुरी

मला ज्या व्याख्यानाविषयी लिहायचे आहे, त्याची खंत अजून जात नाही. दहावीच्या मुलांसमोर वक्त्यांनी दिवे मंद करायला लावले, करुण संगीत सुरू केले, आईवडिलांच्या कष्टांचे वर्णन केले आणि शेवटी मुलांना डोळे मिटून ‘उद्या तुमचे वडील नसतील तर’ अशी कल्पना करायला सांगितले. सभागृह हुंदक्यांनी भरून गेले. कार्यक्रम अप्रतिम झाला, असे पालक मला सांगत होते. माझे लक्ष मात्र खिडकीजवळ बसलेल्या एका मुलीकडे होते. तिचे वडील चार महिन्यांपूर्वी वारले होते. ती रडत नव्हती. ओढणीचे टोक ती बोटाला इतके घट्ट गुंडाळत होती, की बोट पांढरे पडले होते. पुढचा आठवडाभर ती शाळेत आली नाही. वक्त्यांनी मुलांविषयी मला काही विचारले नव्हते, आणि मीही आपणहून काही सांगितले नव्हते.

नंतर एका वर्षी आलेल्या बाईंनी आठ दिवस आधी मलाच प्रश्न पाठवले. किती मुले एसटीने येतात, घरी अभ्यासाला वेगळी जागा कितीजणांना आहे, वर्षभरात कुणाच्या घरी काही दुःखद घडले आहे का, असे ते प्रश्न होते. त्यांनी कुणाला रडवले नाही. एसटीच्या पाऊण तासात काय वाचता येईल, एवढ्यावरच त्या बोलल्या आणि प्रत्येकाकडून खिशात मावेल असा सूत्रांचा एक कागद तिथल्या तिथे तयार करून घेतला. परीक्षेच्या आदल्या दिवशीही तो चुरगळलेला कागद कित्येकांच्या हातात मी पाहिला.

तालमीत घडलेला एक मल्ल, शिवाजी पेठ

आमचे वस्ताद वक्ते नव्हते, पण खाशाबा जाधवांची गोष्ट त्यांच्यासारखी दुसऱ्या कुणी सांगितलेली मी ऐकली नाही. बहुतेक जण 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकपासून सुरुवात करतात आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक, या वाक्यावर टाळ्या घेतात. वस्ताद 1948 पासून सुरू करत. लंडनला खाशाबा सहावे आले, कारण मातीत तयार झालेल्या या मल्लाला मॅटची सवय नव्हती. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले, आणि परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या करून ती रक्कम फेडली. इथे वस्ताद थांबत आणि आमच्यापैकी एखाद्याला विचारत, ‘तुझ्या खुराकाला घरात महिन्याला किती जातात रे?’ मला आकडा सांगता आला नाही. त्या रात्री मी आईला विचारले. तिने दूध, तूप, बदाम असा एकेक हिशेब सांगितला. त्यानंतर पहाटेची मेहनत मी कधी चुकवली नाही.

कीर्तनकार, कागल

नारदीय कीर्तनात पूर्वरंगात, म्हणजे पहिल्या भागात, एक अभंग घेऊन निरूपण करायचे आणि उत्तररंगात, म्हणजे दुसऱ्या भागात, त्याच विचाराला धरून आख्यान (कथा) लावायचे, असा बांधा असतो. आख्यान कितीही रंगले, तरी ते मूळ अभंगाकडे परत यावे लागते. आजचे अनेक वक्ते नुसती आख्यानेच लावतात. वर लिहिलेल्या वस्तादांनी एकच गोष्ट सांगितली आणि ती ऐकणाऱ्याच्या घरापर्यंत नेली. कीर्तनाच्या भाषेत उत्तररंग साधला तो असा.

बचत गटाची सदस्या, करवीर तालुका

पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले. आम्ही शहरातल्या एका निवारा केंद्रात होतो. तिथे एक वक्ते येऊन संकटात संधी शोधा, असे सांगून गेले. त्यांचा हेतू चांगला होता, परंतु समोर बसलेल्या बाईची दोन जनावरे पाण्यात गेली होती, आणि तिने पदर तोंडाला लावून मान फिरवली.

पाणी उतरल्यावर आम्ही परतलो, तेव्हा घराघरांत गाळ होता आणि सुरुवात कुठून करावी हे कुणालाच सुचत नव्हते. आमच्या गटाच्या अध्यक्षा आयुष्यात कधी माईकसमोर उभ्या राहिलेल्या नाहीत. त्या देवळाच्या पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, ‘आज कुणी आपापलं घर धुवायचं नाही. सगळ्यांनी मिळून आधी एकट्या म्हाताऱ्या माणसांची घरं, मग बाळंतिणीचं, मग बाकीची. माझं सगळ्यात शेवटी. सांजच्याला चार चुली पेटल्या पाहिजेत.’ एवढे बोलून त्यांनी खोरे उचलले आणि गल्लीच्या टोकाच्या आजींच्या घरात शिरल्या. आम्ही मागोमाग गेलो. दिवेलागणीला मी मोजल्या, तेव्हा आमच्या गल्लीत पाच चुली पेटल्या होत्या.