मदत हवी आहे: बाळाच्या वस्तू भिंतीवर कशा लावायच्या? आणि त्या संध्याकाळी जेवायला काय करू?

नमस्कार मंडळी,

लेक लवकरच वर्षाची होईल. तिच्या जन्मापासूनच्या वस्तू एका खोक्यात साठल्यात. हॉस्पिटलात मनगटाला बांधलेला नावाचा पट्टा, सोनोग्राफीचे फोटो, पहिलं झबलं, लोकरीचे मोजे, पावलांचे शाईचे ठसे, कागदाच्या घडीत ठेवलेली केसांची बट आणि चांदीचा खुळखुळा. सासूबाई म्हणतात, खोक्यात कोंबून ठेवायच्या तर जपल्या कशाला, चार लोकांना दिसू देत. नवरा म्हणतो, भिंतीवर लावलं की पाच वर्षांत सगळ्याची वाट लागेल. मला दोघांचंही पटतं, तिथेच घोडं अडलंय.

जागा ठरली आहे ती जेवणाच्या टेबलामागची भिंत. एका अंगाला मोठी खिडकी, दुपारनंतर चांगलंच ऊन येतं. दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघर, मध्ये दार नाही.

सोनोग्राफीचा एक फोटो आत्ताच फिका वाटतोय, तो लॅमिनेट करून आणू का? झबलं अजून धुतलेलं नाही. तिचा वास जाईल म्हणून मन होत नाही. ते तसंच फ्रेममध्ये गेलं तर चालेल ना?

आता दुसरा प्रश्न. भिंत तयार झाली की घरचीच दहा माणसं जेवायला बोलवायची आहेत. त्यात दातांची कवळी लावणारे दोघं आणि ही बिनदाताची. सगळ्यांना चालेल आणि मला ओट्याशी उभं राहावं लागणार नाही असं काय करता येईल?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

लॅमिनेशन अजिबात नको! सोनोग्राफीचा फोटो थर्मल कागदावर निघतो. त्यात शाई नसतेच, उष्णता लागली की कागदाचा थरच काळा होतो. गरम रोलरमधून गेला तर तुमच्या हातात काळी पट्टी येईल. उजेडात आणि उबेत तो आपणहूनही बिघडत जातो, म्हणून आजच ६०० डीपीआयवर स्कॅन करा. भिंतीवर छापलेली प्रत लावा, मूळ फोटो अंधारात ठेवा. पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात नको, साध्या ॲसिड-फ्री (आम्ल नसलेल्या) कागदात.

झबल्याबद्दल तुमचं मन समजतं, पण धुवाच. दुधाचे आणि लाळेचे डाग आज दिसत नाहीत, काही वर्षांनी पिवळे होऊन वर येतात आणि मग हटत नाहीत. सौम्य साबण, भरपूर पाणी, सावलीत खडखडीत वाळवणं. स्टार्च देऊ नका, कसर त्यावरच जगते. वास तसाही टिकत नाही हो, वर्षभराने फक्त जुन्या कपड्याचा येतो.

जागेबद्दल मी नवऱ्याच्या बाजूने आहे. म्युझियममध्ये कापड आणि कागद यांच्यावरचा उजेड साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात. उन्हाच्या खिडकीजवळची भिंत त्याच्या कितीतरी पट उजळ असते. साधी काच थोडे अतिनील किरण अडवते, सगळे नाही, आणि नुसत्या दिसणाऱ्या उजेडानेही रंग उडतो. उडालेला रंग परत आणता येत नाही. वर स्वयंपाकाची वाफ आणि तेलाचा चिकट थर. त्यामुळे त्या भिंतीवर फक्त प्रती लावा. ठसे, फोटो, पट्टा, सगळ्याचे चांगले स्कॅन किंवा फोटो काढून मोठे छापले तर मूळ वस्तूंपेक्षा उठून दिसतील, सासूबाईंना चष्म्याशिवायही दिसतील.

एखादी खरी वस्तू लावायचीच असेल तर ऊन न येणारी आतली भिंत बघा. खोलगट फ्रेम घ्या, काच कापडाला किंवा कागदाला टेकता कामा नये, नाहीतर दमट हवेत चिकटते. झबलं डिंकाने किंवा टाचण्यांनी लावू नका. सुती कापड ताणून बसवलेल्या पुठ्ठ्यावर सुती दोऱ्याने चार सैल टाके घाला. पोर चालायला लागणार आहे, म्हणून काचेऐवजी ॲक्रिलिक घ्या आणि पाळण्याच्या वर काही टांगू नका.

खुळखुळा आणि लोकरीचे मोजे एका डब्यात ठेवू नका. लोकरीतल्या आणि रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. आणि कपाटात डांबरगोळ्या नकोत. तान्ह्या मुलांना त्यातलं नॅफ्थलीन घातक असतं, जी६पीडीची (तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असेल तर जास्तच.

प्रतिसाद २

जेवणाचं मी सांगते. एका मोठ्या भांड्यात डाळ आणि भाज्यांचं घट्ट सूप, सोबत मऊ भात आणि दही. बस्स. कांदा, गाजर, बटाटा, टोमॅटो आदल्या रात्री चिरून फ्रीजमध्ये ठेवा (बटाटा पाण्यात बुडवून). पाहुणे यायच्या तासभर आधी गॅसवर चढवा. गाजर दोन बोटांत सहज चिरडलं जाईल इतकं शिजलं की कवळीवाल्यांचंही झालं, बाळाचंही. तांदूळ माणशी ७०-८० ग्रॅम धरा.

मीठ-तिखट घालायच्या आधी बाळाची वाटी बाजूला काढा, हे मात्र विसरू नका. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, कोणीही कितीही आग्रह केला तरी. मधात बोटुलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. अख्खी द्राक्षं, दाणे, कच्च्या गाजराचे तुकडे तिच्या हाताला लागतील असे ठेवू नका, घशात अडकतात.

उरलेला भात गप्पांच्या नादात टेबलावर राहतो. दोन तासांच्या आत पसरट भांड्यात काढून फ्रीजमध्ये टाका. एकदा शिजवून तसाच उबेत राहिलेल्या भातात जंतू विष तयार करतात, ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही.

प्रतिसाद ३

इतकं म्युझियम कशाला? आमच्याकडे मोजे चार वर्षं उघड्यावर टांगलेत, अजून शाबूत आहेत. घर आहे, लोकांनी बघितलं पाहिजे.

प्रतिसाद १

शाबूत असतील, पण भिंतीकडच्या बाजूचा रंग आणि समोरचा रंग एकदा शेजारी धरून बघा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. स्कॅन कालच केले. सोनोग्राफीचा तो फोटो कॉम्प्युटरवर थोडा गडद केल्यावर नाक पुन्हा दिसायला लागलं. जेवणाच्या भिंतीवर मोठ्या प्रती, झबलं आतल्या पॅसेजमध्ये, बाकी सगळं डब्यात, असं ठरलंय. सासूबाईंनी पावलांचा ठसा हातभर मोठा छापून घ्यायला सांगितलाय, म्हणजे तिथलं भांडण मिटलं. झबलं धुतलं. रडले नाही.

सूप-भात ठरला. नवऱ्याला भाज्या चिरायला लावणार आहे.

एकच शंका. झबल्याला धातूची टिचबटणं आहेत. त्यांना गंज धरेल का? काढून टाकू?

प्रतिसाद १

काढू नका, कापड फाटेल आणि झबलं ओळखू येणार नाही. प्रत्येक बटणाच्या मागे-पुढे ॲसिड-फ्री कागदाचा छोटा तुकडा सरकवा, म्हणजे गंज आलाच तरी कापडाला लागणार नाही. बटणं उघडीच ठेवा, लावून दाबून ठेवू नका. आणि दर वर्षी एकदा फ्रेम उघडून बघा.