‘लय ढिली’ म्हणजे नेमकं काय? रुबातोला मराठी शब्द हवा

भाषांतरी
एका हौशी पियानोवादकाच्या ध्वनिमुद्रणावर परीक्षकाने इंग्रजीत दिलेला अभिप्राय मराठीत करायचा आहे. वाजवणारे परभणीचे. तुकडा शोपँ या संगीतकाराचा, सी शार्प मायनरमधला वॉल्ट्झ (तीन मात्रांचा नाच), ओपस ६४ क्रमांक २. मूळ मुद्दा असा, की रुबातो (सुरांची वेळ किंचित मागेपुढे करणं) उजव्या हातात असावा, डाव्यात नको. पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं : ‘उजव्या हाताची लय ढिली ठेवा, डाव्याची घट्ट.’ वाजवणाऱ्यांनी ते ‘उजवा हात लय ढिला’ असं घेतलं आणि मनगट सोडून दिलं. दुसऱ्या मुद्रणात वरचे सूर निम्मे ऐकूच येत नाहीत. चूक त्यांची नाही. तिकडे ‘लय’ म्हणजे आधी ‘खूप’, गती वगैरे नंतर.

‘मुक्त लय’, ‘लवचीक लय’, ‘लयस्वातंत्र्य’ हे पर्याय डोक्यात आहेत. एकही धड वाटत नाही. शब्द सुचवा.

काळी_एक
‘मुक्त लय’ तर अजिबात नको. रुबातो मुक्त नसतो, त्याचा हिशोब असतो. शोपँच्या शिष्यांनी जे लिहून ठेवलंय त्यात डाव्या हाताला वाद्यवृंदाच्या संचालकाचा मान आहे. तो वेळ राखतो, उजवा त्याच्या अंगाने मागेपुढे होतो. शोपँच्या पियानोवर मेट्रोनोम (एकसारखे ठोके देणारं यंत्र) कायम असायचा, असं त्याचा शिष्य मिकुली सांगतो.

परीक्षा सोपी आहे. मेट्रोनोम १२० वर ठेवून डावा हात एकटा वाजवा. बार म्हणजे तीन ठोक्यांचा एक गट, म्हणून आठ बार म्हणजे २४ ठोके, बरोबर १२ सेकंद. आता मेट्रोनोम बंद करून दोन्ही हातांनी तेच आठ बार मुद्रित करा आणि मोजा. साडेअकरा ते साडेबारा सेकंदांत बसलं तर रुबातो. १४ लागले तर ती रेंगाळ. हौशी मुद्रणात बहुतेक वेळा असं होतं, की वाक्याला (सुरांच्या एका पूर्ण ओळीला) थांबावंसं वाटतं तिथे कुणी थांबत नाही, बोटांना अवघड जातं तिथे थांबतात. ऐकणाऱ्याला ते भाव म्हणून नाही, अडखळणं म्हणूनच कळतं.

‘लवचीक’ म्हणाल तर तोच शब्द लोक मनगटालाही लावतात. पुन्हा तोच घोळ.

शुद्धमती
लय या शब्दाला दोष देऊ नये. शारंगदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या आपल्या ग्रंथात लय म्हणजे दोन क्रियांमधली विश्रांती असं सांगितलं आहे. टाळी आणि पुढची टाळी यांच्या मधली जागा ती लय. ‘संगीतरत्नाकर’ तेराव्या शतकात देवगिरीला, यादवांच्या आश्रयाने लिहिला गेला. म्हणजे ज्या मराठवाड्यात आज ‘लय’ चा अर्थ लागत नाही अशी तक्रार आहे, तिथेच ही व्याख्या लिहिली गेली. रुबातोसाठी ‘लयापहार’ हा शब्द रचता येईल. इटालियनमधलं ‘रुबारे’ म्हणजे चोरणे, अपहार करणे. अर्थ नेमका बसतो.

गोदाकाठ
‘लयापहार’ वाचून परभणीचा माणूस पियानो सोडून वकील बघायला जाईल. अपहार म्हटलं की पतसंस्था आठवते.

आन् अर्थ लागत नाही असं कोण म्हणायलंय? दोन्ही अर्थ लागतात, तीच तर अडचण आहे. ‘लय लय झाली’ असं म्हटलं तर यातली कोणती लय कोणती, हे बोलताना सुरावरून कळतं. कागदावर कसं कळावं? ‘खूप’ साठी लई लिहा, गतीसाठी लय लिहा, भांडण मिटलं.

शुद्धमती
‘लई’ हे ‘लय’ चंच बोलीतलं रूप नाही का? ‘ली’ धातूचा अर्थ विरून जाणे, एकरूप होणे. ‘लयास जाणे’ त्यातूनच. जे माणूस बुडून जाईल इतकं, ते लई.

गोदाकाठ
हे म्हणजे भाकरी ‘भास्करा’वरून आली म्हणण्यासारखं. गोल असते म्हणून.

ठेकेदार
तबल्याकडून बोलतो. रुबातोला शब्द शोधताय, पण विलंबित ख्यालात हेच रोज चालतं. ठेका आपल्या जागी, गवई सुराला ओढून धरतो, बोल मागे राहतात, पुढच्या चार मात्रांत भरून काढतो आणि समेला, म्हणजे चक्राच्या पहिल्या मात्रेला, दोघं एकत्र. समेआधी सम दाखवली तर अनागत, सम गेल्यावर दाखवली तर अतीत. शोपँचा उजवा हात बऱ्याचदा अतीत असतो : खर्ज वाजतो आणि वरचा सूर केसभर मागून येतो.

फक्त एक सावधगिरी. अभिप्रायात दादरा तालाचं नाव घेऊ नका. तीन मात्रांचे दोन बार जोडले की सहा होतात हे खरं, म्हणून तबल्याचा कान लगेच ‘धा धी ना, ना ती ना’ बसवतो. दादऱ्यात चौथ्या मात्रेवर खाली (बिनवजनाची मात्रा) आहे, बायाँ म्हणजे डग्गा तिथे गप्प होतो. वॉल्ट्झमध्ये खाली नाही. दुसऱ्या बारच्या पहिल्या मात्रेलाही खालचा सूर पाहिजेच. दादरा डोक्यात ठेवून वाजवणारे नेमका तोच सूर हलका करतात, मग एक पाय आखूड असल्यासारखा वॉल्ट्झ ऐकू येतो.

शुद्धमती
अनागत बरोबर. बरेच वादक ‘अनाघात’ म्हणतात, ते चूक. अन् + आगत, न आलेला.

ठेकेदार
बैठकीत बसणारे निम्मे लोक अनाघातच म्हणतात आणि समेवर बरोबर येतात. अनागत म्हणणारे कधीकधी येत नाहीत.

भाषांतरी
अतीत-अनागत छान आहे, पण वाजवणारे शास्त्रीय शिकलेले असतील याची खात्री नाही. शिवाय ‘अतीत’ वाचून भूतकाळ आठवायचा. साधा शब्द हवाय. आणि बारला काय म्हणू? ‘आवर्तन’ चालेल का?

काळी_एक
आवर्तन नको. आवर्तन म्हणजे पूर्ण चक्र, सम ते सम. बार म्हणजे फक्त तीन मात्रांची खोली. या वॉल्ट्झमध्ये सहसा आठ किंवा सोळा बारनी एखादं वाक्य पुरं होतं. आवर्तन म्हणायचंच तर त्या आठ बारांना म्हणा. ‘बार’ च ठेवा. कीबोर्ड शिकणाऱ्या सगळ्यांना कळतो.

गोदाकाठ
आता माझा शब्द ऐका. हातउसनी लय. शेजारणीकडून पायलीभर जवारी हातउसनी आणली, तर नवीन पीक आल्यावर पायलीभरच परत जाते. व्याज नाही, कागद नाही, पण द्यायची असते हे दोघींना माहीत असतं. काळी_एक यांचं १२ सेकंदांचं गणित दुसरं काय आहे? दुसऱ्या बारमध्ये अर्धी मात्रा जास्त घेतली तर चौथ्याच्या आत फेडा. चोरी म्हटलं की परत द्यायचं राहून जातं.

काळी_एक
शब्द झकास. आणि इतिहासालाही धरून आहे. गायनावर लिहिणाऱ्या तोसीने १७२३ मध्ये हेच सांगितलं : खालचा बास सरळ चालू राहतो, वरचा गायक वेळ चोरतो आणि परत करतो. इटालियन शब्द चोरीचा असला तरी अट परतफेडीची.

पण एक अडचण. एकोणिसाव्या शतकात पुढे रुबातोचा अर्थ बदलला. दोन्ही हात मिळून सगळंच संथ करायचं, मग सगळंच पुढे ढकलायचं, असाही रुबातो रूढ झाला. त्यात परतफेड होईलच असं नाही. परीक्षकाने डाव्या हाताला मनाई केलीय म्हणजे त्यांना पहिला प्रकार हवाय. त्याला हातउसनी बसतं. दुसऱ्याला बसत नाही.

ठेकेदार
दुसऱ्याला झोल म्हणा. ठेका मध्येच सैल पडून पुन्हा ताणला जातो, तो झोल.

शुद्धमती
झोल नव्हे, झोळ. बाजेच्या नवारीला झोळ येतो, शिंप्याने बाही चुकवली की झोळ येतो. झोळीशी नातं आहे. झोल हा मुंबईचा, घोटाळ्याचा शब्द.

ठेकेदार
संबळ, हलगीवाले झोलच म्हणतात.

गोदाकाठ
आमच्याकडं बाजेला झोळच येतो. पण ‘ह्याच्यात काहीतरी झोल हाय’ हे मुंबईहून शिकावं लागत नाही, आठवडी बाजारात मिळतं. दोन वेगळे शब्द असतील, कामून भांडायलाव.

शुद्धमती
भांडत नाही. लिहून छापलं की तेच प्रमाण होतं, म्हणून सांगितलं.

भाषांतरी
अभिप्रायात आणखी एक वाक्य आहे. मधल्या संथ भागात ‘रंग’ बदलत नाही, अशी तक्रार. रंग म्हणजे काय लिहू? राग-रंग असं काही वाटायला नको.

काळी_एक
इथे पेटीवाल्यांची भाषा कामाला येते. सी शार्प म्हणजे काळी एक. तुकडा सुरू होतो काळी एकमध्ये, ग कोमल धरून. बार ३३ ला ‘पियू मोस्सो’ (आणखी वेगाने), सलग आठवांश म्हणजे अर्ध्या मात्रेचे सूर, बारमध्ये सहा. बार ६५ ला ‘पियू लेन्तो’ (आणखी संथ), तिथे कागदावर पाच फ्लॅट (कोमलच्या खुणा) दिसतात आणि नाव होतं डी फ्लॅट मेजर. लिखाण बदललं म्हणून घाबरायचं कारण नाही, कारण डी फ्लॅट म्हणजे तीच काळी एक. पट्टी तीच राहिली, कोमल ग शुद्ध झाला. हाच रंग. एवढं वाक्य लिहा : ‘पट्टी तीच आहे, ग शुद्ध झालाय, तो ऐकू येऊ द्या.’ पेटीवर हात फिरवलेला कुणीही माणूस हे समजेल.

वाजवताना काय बिघडतं तेही लिहा. संथ भाग आला की डावा हात तीनही मात्रा सारख्याच वजनाने वाजवतो. खालचा सूर भरीव पाहिजे, दुसरी-तिसरी मात्रा त्याच्या निम्मी. आणि पहिल्या भागात उजव्या हाताला ठिकठिकाणी दोन सूर एकत्र आहेत. त्यातला वरचा ठळक, खालचा नुसता टेकलेला. अंगठ्याचं वजन जास्त पडतं म्हणून नेमकं उलटं होतं. उपाय असा : खालचा सूर तुटक वाजवायचा, वरचा धरून ठेवायचा. असं दहा वेळा केलं की वजन आपोआप करंगळीच्या बाजूला सरकतं.

ठेकेदार
डाव्या हाताच्या दुसऱ्या मात्रेबद्दल. व्हिएन्नाचा नाचायचा वॉल्ट्झ ऐकून काही जण ती किंचित आधी मारतात. तिथे ते शोभतं, जोडीला गिरकी घ्यायला मदत होते. शोपँचे बहुतेक वॉल्ट्झ बसून ऐकायचे आहेत. दर बारला ती उडी ऐकून कंटाळा येतो.

शुद्धमती
मात्रा मोजण्यावरून आठवलं. शोपँचा एक मझुर्का (तीन मात्रांचा पोलिश नाच) ऐकून मेयरबेअर या संगीतकाराने तो दोन मात्रांचा आहे असा हट्ट धरला होता, आणि शोपँ तीन आहेत म्हणून चिडला. हाले नावाच्या पियानोवादकाने तर दुसऱ्या मझुर्क्यांत चार मोजले होते. तेव्हा डावा हात मेट्रोनोमसारखा चालायचा हे विधान जरा जपूनच करा.

काळी_एक
मुद्दा रास्त आहे, पण ती मझुर्क्याची गोष्ट. त्या नाचातच एखादी मात्रा लांबवायची रीत आहे, आणि ती लांबी दर बारला तिथेच पडते. म्हणून ती रुबातो नाही, चाल आहे. ठेकेदारांच्या भाषेत, तो ठेक्याचाच वजनभेद. या वॉल्ट्झच्या माथ्यावर शोपँने ‘तेंपो ज्युस्तो’ लिहिलंय : नेमक्या गतीत. परीक्षक त्यालाच धरून बोलताहेत.

गोदाकाठ
‘नेमक्या लयीत’ लिहू नका बरं. आणि ‘पियू मोस्सो’ ला ‘लय वाढवा’ तर बिलकुल नाही. लई वाढवतील.

भाषांतरी
नवा मसुदा असा : ‘डाव्या हाताचे ठोके सरळ चालू द्या. उजव्या हाताने वेळ हातउसना घ्यावा आणि चार बारांच्या आत परत करावा.’ ‘लय’ शब्दच काढून टाकला. ‘रुबातो’ कंसात ठेवू का?

शुद्धमती
कंस कशाला? रुबातो ही संज्ञा आहे, मजकुरातच ठेवा. पण ‘हातउसना वेळ’ हे गद्यात फार घरगुती वाटतं. ‘उसनवार घेतलेला कालांश’ असं करा.

गोदाकाठ
कालांश कोण उसना देतो.

ठेकेदार
‘चार बारांच्या आत’ हे कायद्यासारखं वाचलं जाईल. काही वाक्यं आठ बारांची आहेत. ‘वाक्य संपायच्या आत’ लिहा. आणि ‘वाक्य’ म्हणजे काय ते एकदा सांगा, नाहीतर पुढच्या मुद्रणाबरोबर कविता येईल.

भाषांतरी
घेतो. आता शेवटची ओळ राहिली, पेडलची. परीक्षक म्हणतात, पहिल्या मात्रेला पेडल दाबा आणि तिसरीच्या आधी वर घ्या. दोन-दोन बार दाबून ठेवल्याने खालचे सूर एकमेकांत कालवले गेलेत. ‘पेडल सोडा’ लिहिलं तर ते वापरणंच बंद करतील असं वाटतं. म्हणून लिहिलंय : ‘दर बारला तिसऱ्या मात्रेआधी पाय उचला.’

गोदाकाठ
‘पाय उचला’ म्हणजे आमच्याकडं लवकर चला.