रात्रीचा भात बंद, मध-लिंबू, दोनदाच जेवण: यातलं खरं किती?

करवंद
नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, घरात दोन्ही वेळेला भात असतोच. आई ५८ वर्षांची आहे, वजन वाढलंय आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. दिवाळीपासून सोसायटीतल्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे जे येईल ते सगळं ती करतेय. सकाळी उठल्या उठल्या गरम पाण्यात मध-लिंबू, मग दुधीचा रस, रात्री भात बंद म्हणून भाकरी, आणि आता दीक्षितांचं दोन वेळचं जेवण सुरू करते म्हणतेय. भाताशिवाय तिला जेवल्यासारखंच वाटत नाही, भाकरी चिवडत बसते, बघवत नाही. पहिल्या आठवड्यात वजन झपकन उतरलं म्हणून तिचा विश्वास बसलाय, त्यानंतर मात्र काटा जागचा हललेला नाही. बाबा सडपातळ आहेत, त्यामुळे त्यांना कुणी काही बोलत नाही, ते रोज फरसाण खातात. यातलं नक्की काय ठेवायचं आणि काय सोडायचं?

पोळपाट
भाताची ही बदनामी बघून मला खरंच राग येतो, कोकणातली माणसं पिढ्यानपिढ्या भात खात आली आणि आता त्यांना घरच्या अन्नाचीच भीती घातली जातेय. ताई, १०० ग्रॅम कोरडे तांदूळ घ्या नाहीतर ज्वारीचं पीठ घ्या, कॅलरी दोन्हीकडे साधारण ३३० ते ३५० च्या आसपासच येतात. ज्वारीत फायबर जास्त, साखर जरा हळू चढते, त्यामुळे मधुमेहात भाकरी बरी हे मान्य, पण ते साखरेसाठी झालं. आणि दुपारच्या भाताच्या आणि रात्रीच्या भाताच्या कॅलरी काही वेगळ्या नसतात. वजनाच्या दृष्टीने फरक पडतो तो वाढून घेण्याने, भात आमटीबरोबर भराभर खाल्ला जातो आणि दुसऱ्यांदा कधी घेतला ते कळतही नाही. एक वाटी मोजून घ्या, सोबत डाळ, उसळ, भाजी भरपूर, आईंना जेवल्यासारखं वाटेल.

खरा हिशोब करायचाच तर तेलाचा करा. समजा घरात चार माणसं आणि महिन्याला ५ लिटरचा डबा संपतो. एक लिटर म्हणजे ९१० ग्रॅम, पिशवीवर छापलेलं असतं. म्हणजे ४,५५० ग्रॅम, भागिले चार माणसं, भागिले तीस दिवस, माणशी रोज जवळपास ३८ ग्रॅम. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे साधारण ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या, आणि यात बाहेरचं काही धरलेलं नाही, बाबांचं फरसाणही नाही. फोडणीत सरळ कढईत धार धरण्याऐवजी चमच्याने मोजून तेल घाला, एवढं केलं तरी रात्रीच्या वाटीभर भाताची जागा सहज निघते.

लॅबवाली
पहिल्या आठवड्यात उतरलेलं वजन म्हणजे बहुतेक पाणी. शरीर थोडी साखर ग्लायकोजेन म्हणून यकृतात आणि स्नायूंमध्ये साठवून ठेवतं, आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. खाणं एकदम कमी केलं, त्यातही भात-पोळी कमी केली, की आधी हा साठा वापरला जातो आणि पाणी बाहेर पडतं. काटा उतरतो पण चरबी आहे तिथेच असते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी, ती आठ दिवसांत अशी भराभर जाईलच कशी? ज्या ज्या जाहिरातीत ‘आठवड्यात चार किलो’ लिहिलेलं असतं ती बहुतांशी याच पाण्यावर चाललेली असते आणि माणसं फसतात याचं मला फार वाईट वाटतं.

मध-लिंबाने चरबी वितळत नाही. मोठा चमचा मध म्हणजे साठेक कॅलरी आणि ती साखरच, मधुमेह असताना रिकाम्या पोटी ती कशाला घ्यायची? नुसतं पाणी पिऊ दे.

दुधीच्या रसाबद्दल मात्र अगदी कळकळीने सांगते. दुधी कधीकधी कडू निघतो, त्यात कुकरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं. त्याने उलट्या, रक्ताच्या उलट्या, रक्तदाब एकदम खाली, असं होतं आणि आपल्या देशात माणसं दगावलीही आहेत, आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, समिती नेमून हा विषय तपासला होता. रस करण्याआधी फोड चाखायची, कडू लागली तर अख्खा दुधी फेकायचा, आणि ‘कडू असतं तेच औषधी’ म्हणून नाक दाबून अजिबात प्यायचं नाही. माझं ऐकाल तर रस बंदच करा, दुधीची भाजी करा.

सकाळचीपाळी
दीक्षित प्लॅनबद्दल. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा, डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो घरोघरी पोचवला. कडक भूक लागेल तेव्हा दोनदाच खायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, कारण दर खाण्याला इन्सुलिन (रक्तातली साखर खाली आणणारं संप्रेरक) वाढतं आणि इन्सुलिन चरबी साठवतं, अशी मांडणी. प्लॅन फुकट आहे, पावडरी विकत नाही, यासाठी मला दीक्षितांबद्दल आदरच आहे. पण वजन उतरतं ते इन्सुलिनच्या गणितामुळे, हे मला पटत नाही. चीनमधल्या ग्वांगझूला १३९ लठ्ठ लोकांवर वर्षभराचा प्रयोग झाला, २०२२ साली छापून आला. दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच कमी करून दिल्या, एका गटाने फक्त सकाळी ८ ते दुपारी ४ मध्ये खायचं. वर्षाअखेर सरासरी या वेळ पाळणाऱ्या गटाचं ८ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६.३, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठरण्याइतका नव्हता. म्हणजे काम केलं ते कमी खाण्याने. दोनदाच जेवलं की चहाबरोबरची बिस्किटं, चार वाजताचा चिवडा, पोरांच्या ताटातलं उरलेलं हे सगळं आपोआप सुटतं, त्याने वजन उतरतं. शिवाय त्यांनी ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायलाही सांगितलंय, ते ग्रुपवरच्या फॉरवर्डमध्ये कधीच नसतं.

रोजचालतो
अभ्यास बिभ्यास ठीक आहे हो, पण मी स्वतः दोन वेळच्या जेवणाने बरंच वजन उतरवलंय आणि ते टिकलंय. आधी डाएटिशियनने दर दोन तासांनी खायला सांगितलं होतं, त्याने मी दिवसभर खाण्याचाच विचार करत बसायचो. लोकांना उगाच नाउमेद करू नका.

सकाळचीपाळी
दादा, तुम्हाला लागू पडलं याचा आनंदच आहे, सोडू नका. स्टॅनफर्डला ६०९ लोकांवर झालेला प्रयोग २०१८ मध्ये आला, अर्ध्यांना कमी चरबी, अर्ध्यांना कमी कर्बोदकं. वर्षाने दोन्हीकडची सरासरी पाच-सहा किलोच, पण दोन्ही गटांत कुणाचं वीस-पंचवीस किलो उतरलं तर कुणाचं उलट वाढलं. म्हणून तुम्ही जे सांगताय ते खरंच आहे, फक्त तेच शेजारच्याला लागू होईल असं नाही. तुमच्या भुकेला दोनदा जेवणं जमतं, करवंदताईंच्या आईंना कदाचित तीन वेळा थोडं थोडं जमेल.

काठी_पुणे
बाबांकडे दुर्लक्ष करू नका हो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडचा बारीक माणूस आतून बारीक असेलच असं नाही. दोघांची कंबर टेपने मोजा, आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. बाबांची साखर कधी तपासलीये का?

करवंद
बाबांची साखर कधीच तपासलेली नाही, या रविवारी दोघांना घेऊन जाते. मध आणि दुधी आजपासून बंद. आईच्या गोळीच्या पाकिटावर मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड असं लिहिलंय, सोमवारपासून दोन वेळचं जेवण करू दे का?

लॅबवाली
सोमवारपासून नको! ग्लिमेपिराइड शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. गोळी तीच ठेवून जेवण गाळलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करा, डोस बदलायचा की नाही ते तेच ठरवतील, गोळी आपल्या मनाने बंदही करू नका. तोपर्यंत जेवणाच्या वेळा आहेत तशाच ठेवा. आणि आईला सांगून ठेवा, दरदरून घाम, हातापायाला थरथर, छातीत धडधड, डोकं गरगरणं, यातलं काही झालं तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर साखर बघायची. ग्लानी आली असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ हॉस्पिटलला न्या.