मदत हवी आहे: वर्गातला तास रेकॉर्ड करायला कोणता कॅमेरा घ्यावा?

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. दिवाळी झाली की आमच्या वर्गातली काही बाकं रिकामी पडतात. आईवडील उचल घेऊन ऊसतोडीला जातात, मागं घर सांभाळायला कुणी नसलं की पोरंही जातात. बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीत आणि फड चालतो मार्चपर्यंत. या पोरांना रोजचा तास मेमरी कार्डावर भरून द्यायचा विचार आहे. यूट्यूबवर सगळं आहे, असं कुणीतरी म्हणेलच. आहे, पण कोपीवर (फडावरच्या झोपडीत) रेंज नसते, आणि पोरांना आपल्याच सरांचा फळा लागतो.

वर्ग ३० फूट लांब, हिरवा फळा, एका अंगाला खिडक्या, तीन पंखे (एक कुरकुरतो). तास ४५ मिनिटांचा. वर्गणी काढून ३० हजार जमलेत, त्यातच स्टँड आणि माईक बसवायचाय.

आधी मोबाईल शेवटच्या बाकावर ठेवून पाहिला. फळ्यावरच्या अक्षरांच्या मुंग्या झाल्या, झूम केलं तर नुसता चिखल. मग एका मित्राचा डीएसएलआर आणला. चित्र झकास, पण लेन्झच्या नियमाचा तास निम्मा झाला आणि कॅमेरा २९ मिनिटं ५९ सेकंदांवर आपोआप बंद! नंतर कळलं की ३० मिनिटं किंवा जास्त रेकॉर्ड करणारा कॅमेरा युरोपात 'व्हिडिओ कॅमेरा' धरला जायचा आणि त्यावर जास्त जकात बसायची, म्हणून कंपन्यांनी ही मर्यादा घातली. कुठली जकात, कुठं भरतोय आम्ही.

आता हँडीकॅमच घ्यावा म्हणतो. सोनीचा एचडीआर-सीएक्स४०५ पाहिला. ३० पट ऑप्टिकल झूम आहे, पण बाहेरचा माईक लावायला जागाच नाही. पॅनासॉनिकच्या एचसी-व्ही७८५ला ती आहे, पण नवा घ्यायचा तर बजेट ओलांडतं. काय करावं? फोरके (फुल एचडीच्या चौपट बारीक चित्र) लागेल का?

प्रतिसाद १

सर, मी सप्ताहातल्या कीर्तनांचं शूटिंग करतो. आधी आवाजाचं बघा. चित्र जरा फिकं असलं तरी पोरगं ऐकेल, पंख्याची घरघर पाच मिनिटं ऐकणार नाही. कॅमेऱ्यातला माईक तुम्ही गप्प झालात की आवाज आपोआप वाढवतो, म्हणजे पंखाच वाढवतो.

बोयाचा बीवाय-एम१ हा वायरवाला कॉलर माईक घ्या. तो तुमच्या मोबाईलला लावा, मोबाईल खिशात, एअरप्लेन मोडवर. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. एडिटिंगला त्या टाळीवर दोन्ही आवाज जुळवायचे. मग कॅमेऱ्याला माईकची जागा नसली तरी अडत नाही.

फोरके नको. सीएक्स४०५ जुना मिळाला तर घ्या. स्टँड मधल्या वाटेत लावा, पोरांच्या डोक्याच्या वर. फोकस फळ्यावर लॉक करा, नाहीतर तुम्ही आडवे आलात की कॅमेरा तुमच्या पाठीवर फोकस करतो. फळा गडद, त्यामुळं ऑटोवर सगळं उजळतं आणि तुमचा पांढरा शर्ट पेटतो. एक्सपोजर थोडं खाली आणा. आणि कॅमेरा पालवालाच (सेकंदाला २५ किंवा ५० चित्रं घेणारा) बघा, एनटीएससी (३० किंवा ६०) नको. आपली वीज ५० हर्ट्झची, एनटीएससीत ट्यूबलाइट लुकलुकताना दिसते.

प्रतिसाद २

फाईलचं गणित सांगतो. १७ एमबीपीएसला (सेकंदाला १७ मेगाबिट) ४५ मिनिटांचे पावणेसहा जीबी होतात. हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाईल लहान करा, ७२०पी (चित्राची उंची ७२० ठिपके), १ एमबीपीएस, ३४० एमबीच्या आसपास येईल. फळा हलत नाही, त्यामुळं अक्षर फारसं बिघडत नाही. ३२ जीबीच्या कार्डात ४५ मिनिटांचे नव्वदेक तास मावतात.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. काल कुणाचातरी माईक मागून खिशातल्या मोबाईलवर एक तास घेतला. पंखा जवळजवळ गेला, आणि फळ्याकडं तोंड केलं तरी आवाज पडला नाही! फक्त पोरांचे प्रश्न ऐकू येत नाहीत. आता प्रश्न मी मोठ्यानं परत बोलतो. समोरच्या पोरांना गंमत वाटते, वाटू दे.

म्हणजे सीएक्स४०५च, जुना. बीडमध्ये एकजण द्यायला तयार आहे, रविवारी बघायला जातोय. लेन्समधली बुरशी आणि बॅटरी तर बघेनच, आणखी काय तपासू? पूर्ण ४५ मिनिटं चालवून दाखवा म्हणालो तर चिडेल का तो?